सेंट ऑस्वल्डची दारं

कमांडर लायनेल थर्स्टन यांच्या हातात आठ आठवडे उरले होते आणि ते जहाजावर सगळ्यांना माहीत होतं. कमांडरचा कॅप्टन होतो तो वर्षातून दोनच दिवशी, जूनच्या आणि डिसेंबरच्या शेवटच्या तारखेला. त्या दिवशी यादी निघते. कमांडर होऊन सात-आठ वर्षं झाली आणि तरी नाव आलं नाही, की मग ते येतच नाही. तसं तोंडावर कोणी सांगत नाही. फक्त पुढच्या नेमणुका कोळशाच्या धक्क्यांवर आणि भरतीच्या कचेऱ्यांत होऊ लागतात आणि पन्नाशीच्या आत माणूस घरी बसतो. थर्स्टनसाहेबांचं आठवं वर्ष चालू होतं. वय त्रेचाळीस. तेराव्या वर्षी ते आरमारात आले होते, म्हणजे जमिनीवर राहण्याची त्यांना फारशी सवयच नव्हती.

हे १९०८ सालचं. आमची 'सेंट ऑस्वल्ड' तेव्हा ताफ्याबरोबर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडच्या बंदरात नांगरलेली होती. मी जहाजावर शिक्षक होतो. केंब्रिजहून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन सरळ इथे आलो होतो, उमेदवार अधिकाऱ्यांना नौकानयनाचं गणित शिकवायला. मला कोणालाही हुकूम द्यायचा हक्क नव्हता, मलाही फारसे कोणी देत नसत. सगळे मला मास्तर म्हणत.

कमांडरचं काम म्हणजे जहाज चालवणं नव्हे, ते कॅप्टन करतो. कमांडरनं जहाज ठेवायचं. म्हणजे रंग, पितळ, दोरखंड, माणसं. आणि जहाज कसं ठेवलं आहे यावरून कमांडरची लायकी ठरते, हे थर्स्टनसाहेब मिसरूड फुटण्याआधीच शिकले होते. सरकारी रंग पुरत नाही आणि त्याला चमकही नसते, म्हणून कमांडर स्वतःच्या खिशातून चांगला रंग आणतात. थर्स्टनसाहेबांनी त्यासाठी बायकोचा पियानो विकला होता. ही गोष्ट खलाशांपर्यंत कशी पोहोचली कोण जाणे, पण पुढच्या तोफेच्या बुरुजाला ते 'मॅडमचा पियानो' म्हणत.

"हळू टेक रे बादली," एक दुसऱ्याला सांगायचा, "काळी पट्टी दाबली जाईल."

हसायचे, पण काम करायचे. साहेब कोणावर ओरडत नसत. रोज पहाटे साडेपाचला ते स्वतः डेकवर हजर असत आणि कोणाच्या घरी मूल आजारी आहे, कोणाची आई गेली, हे त्यांना पाठ असे. मला ते आवडत. हे आधीच सांगून ठेवतो.

आता दारांविषयी. युद्धनौकेच्या पोटात आडव्या पोलादी भिंती असतात, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरलं तर ते दुसऱ्यात जाऊ नये. त्या भिंतींना पाणबंद दारं असतात. चौकटीला पोलादाची उभी धार असते आणि दाराच्या कडेनं रबराची पट्टी. दार लावून आठ खिट्ट्या आवळल्या, की धार रबरात रुतते. इतर जहाजांवर ही धार करड्या रंगानं रंगवलेली असते. आमच्याकडे ती घासून आरशासारखी केलेली होती. अकरा वर्षांपूर्वी जहाज बांधलं तेव्हाच्या पहिल्या कमांडरनं ती प्रथा पाडली, पुढच्या प्रत्येकानं ती चढत्या भाजणीनं पाळली. बासष्ट दारं, रोज सकाळी एमरी कागद, तेल आणि विटेचा चुरा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पाण्याच्या दाबावर धडा घेत होतो. फळ्यावर आकडे मांडून झाले: पाच फूट उंच, अडीच फूट रुंद दार, दाराच्या मध्यापासून वर वीस फूट समुद्राचं पाणी, एकूण भार सात टनांहून थोडा अधिक. वर्ग कंटाळलेला दिसला, म्हणून मी सगळ्यांना खाली एकेचाळीस नंबरच्या दारापाशी घेऊन गेलो. त्याच्या अलीकडे पंपांची खोली, पलीकडे दारूगोळा वाहायची वाट. लढाईच्या वेळी त्या वाटेत चाळीस माणसं उभी असतात. दाराची परीक्षा सोपी असते. चौकटीच्या धारेवर खडू फासायचा, दार लावायचं, खिट्ट्या आवळायच्या, मग उघडून बघायचं. रबरावर खडूची अखंड रेघ उमटली तर दार चांगलं.

रेघ नऊ ठिकाणी तुटलेली होती.

मी वर्गाला म्हणालो, खडू ओला असेल. संध्याकाळी मापाचा कंपास घेऊन एकटाच परत गेलो. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत धार मूळची होती तेवढी, एक इंचाचे तीन अष्टमांश. तळाशी जवळजवळ तेवढीच. पण गुडघ्यापासून छातीपर्यंत ती खाली खाली जात निम्म्याच्याही आत आलेली होती. मी वहीत आलेख काढला तेव्हा लक्षात आलं, की ही वक्ररेषा माणसाच्या हाताची आहे. उभं राहून घासणाऱ्याचा हात जिथे सगळ्यात सहज फिरतो, तिथलं पोलाद सगळ्यात जास्त गेलेलं होतं. पुढचे दोन-तीन दिवस मी बाकीची दारंही मापून काढली.

जहाजाचे सुतार मिस्टर गेज. लाकडाचं काम आता जहाजावर फारसं राहिलेलं नाही, पण पाणबंद दारं, पंप, होड्या, सगळं सुताराच्या अखत्यारीत येतं. गृहस्थ जाडजूड, पंचावन्नाच्या आसपास. खलाशी त्यांना 'रंधा' म्हणत.

"मास्तर," माझा आलेख त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला, "चित्र छान काढता तुम्ही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला? मी आधीच्या कमांडरला लेखी दिलं होतं. ते म्हणाले, गेज, पुढच्या वर्षी बघू. त्यांच्या आधीच्याला तोंडी सांगितलं होतं. ते म्हणाले, गेज, तुमच्या तोंडाला कांद्याचा वास येतोय." ते हसले नाहीत. "चौकटी बदलायच्या म्हणजे जहाज पाच आठवडे गोदीत. कोणता कमांडर आपल्या कारकिर्दीत जहाज गोदीत घालेल? ॲडमिरल येऊन बघणार काय, रिकामं पाणी?"

"मी थर्स्टनसाहेबांना सांगतो."

"सांगा की. तुम्हाला कोण काय करणार? माझे चौदा महिने राहिलेत पेन्शनला. मला मात्र विचारलं तर मी रेघ अखंड होती असं म्हणणार, हे ध्यानात ठेवा."

थर्स्टनसाहेब त्याच दिवशी माझ्याबरोबर खाली आले. त्यांनी स्वतः खडू फासला, स्वतः खिट्ट्या आवळल्या, मग गुडघ्यावर बसून कंदिलाच्या उजेडात रबर पाहिलं. पाहत राहिले. नंतर धारेवरून बोट फिरवलं, हळूच.

"मी लेफ्टनंट होतो मास्तर, भूमध्य समुद्रात. तिथे कमांडर आम्हाला म्हणायचा, दारात तुझे दात दिसले पाहिजेत. दिसायचे." ते उठले. "अशी किती दारं?"

"मी सतरा मोजलीत, सर. त्यातली अकरा फारच वाईट."

"ॲडमिरलची तपासणी सतरा तारखेला आहे."

"हो सर."

"आज मी कळवलं तर परवा जहाज गोदीत. सतरा तारखेला तपासणी नाही. तपासणी नाही म्हणजे डिसेंबरच्या यादीसाठी माझ्याविषयी लिहायला कोणाकडे काहीच नाही." ते हे एखादं गणित मांडावं तसं बोलत होते, माझ्याकडे न बघता. "आणि जूनमध्ये माझं नाव कोणी उच्चारणारसुद्धा नाही."

मी म्हणालो, "मधे काही झालं तर? टक्कर, खडक, काहीही."

"आपण बंदरात आहोत."

"बंदरातही होतं, सर."

"होतं." त्यांनी कंदील माझ्या हातात दिला. "मी यादीनंतर लिहीन. एक जानेवारीला. कॅप्टन झालो तर कॅप्टन म्हणून लिहीन, मग ऐकतीलही. माझा शब्द घ्या."

मी घेतला. माझ्यासारख्यानं त्यांचा शब्द नाकारायचा म्हणजे काय करायचं, ते मला सुचलं नाही.

पुढचं त्यांनीच शोधून काढलं. जिथे जिथे रेघ तुटत होती, तिथे तिथे रबराच्या मागे तागाच्या कापडाची घडी घालायची. रबर तेवढंच पुढे येतं, धारेला टेकतं, खडू उमटतो. मिस्टर गेज आणि ते दोघं दोन दिवस दुपारी खाली बसून अकरा दारांचं हे काम करत होते. मी तिथे जाऊ नये असं कोणी म्हणालं नाही, तरी मी गेलो नाही. खडू स्पर्श दाखवतो, दाब दाखवत नाही. मऊ कापडावर ठेवलेलं रबर पाण्याच्या पहिल्या धक्क्याला मागे दबतं. हे त्या दोघांना माझ्याइतकंच कळत होतं.

तपासणीच्या आदल्या रविवारी साहेबांनी मला शेजारच्या वेमथ गावाला चहाला नेलं. मिसेस थर्स्टन, हेस्टर, तिथे दोन खोल्या घेऊन राहत होत्या. बाई उंच, बोलायला तिखट.

"या मास्तर. हा तुम्हाला घेऊन आला म्हणजे आज माझ्याशी बोलायचं नाही असं दिसतंय."

"हेस्टर."

"काय हेस्टर? आठ वर्षं मी एका कमांडरची बायको आहे. पहिली चार वर्षं लोक विचारायचे, आता कुठे नेमणूक? आता विचारतात, तब्येत कशी आहे?" त्यांनी माझ्या ताटलीत केकचा मोठा तुकडा ठेवला. "खा. तुम्ही खूप रोड आहात. तुमच्यासारख्यांना जहाजावर उपाशी ठेवतात का?"

परत येताना होडीत साहेब म्हणाले, "तिला दारांचं सांगितलेलं नाही." मी म्हणालो, ठीक आहे. काय ठीक होतं ते मला ठाऊक नाही.

सतरा तारखेला ॲडमिरल आले. पांढरे हातमोजे घालून त्यांनी बुरुजामागे, शिडीखाली, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या बुडाला हात फिरवला आणि मोजे पांढरेच राहिले. मग टकरीचा सराव. बिगूल वाजला, माणसं धावली आणि बासष्ट दारं साडेतीन मिनिटांत बंद झाली. ताफ्यात दुसऱ्या कोणालाही पाच मिनिटांच्या आत जमत नव्हतं. ॲडमिरलनी घड्याळ दोनदा पाहिलं.

"कसं करता हे, थर्स्टन?"

"सराव, सर."

मला कारण माहीत होतं. धार आता रबरात रुततच नव्हती, त्यामुळे खिट्ट्यांना जोर लागत नव्हता. ॲडमिरल खाली उतरले, योगायोगानं एकेचाळीसपाशीच थांबले, त्यांनी खडूची परीक्षा घ्यायला सांगितली. रेघ एकसंध उमटली. त्यांनी चौकटीच्या चमकत्या धारेवर हात ठेवला आणि आमच्या कॅप्टनकडे वळून म्हणाले, "हॅलिवेल, ही दारं बाकीच्या जहाजांना दाखवायला हवीत." कॅप्टन हॅलिवेल नुसते वाकले. फेब्रुवारीत ते स्वतः ॲडमिरल होणार होते. कॅप्टनच्या वर बढती नंबरानं मिळते आणि त्यांचा नंबर आलेला होता. मधे काही विपरीत घडलं नाही म्हणजे झालं.

अहवालात दारांविषयी 'उत्कृष्ट' असा शेरा पडला.

त्यानंतरचे सहा आठवडे मी थर्स्टनसाहेबांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. एकदा तर ते शीळ घालताना सापडले. जहाजावर शीळ घालणं वर्ज्य आहे, वारा येतो म्हणतात. तोफखान्याचा लेफ्टनंट डेकर जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, आज वादळ आलं तर नोंदवहीत नाव कोणाचं घालू?" साहेब लाल झाले आणि हसले. मीही हसलो. दारांचा विषय माझ्याही डोक्यातून दिवसेंदिवस जात असे. मग एकदम, दाढी करताना वगैरे, परत येत असे.

यादी नव्या वर्षाच्या सकाळी किनाऱ्यावरून तारेनं आली. आम्ही न्याहारीला बसलो होतो. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाचा अध्यक्ष कमांडर असतो, म्हणून असा कागद त्याच्याच हातात देतात आणि त्यानं तो मोठ्यानं वाचायचा असतो. बावीस नावं होती. थर्स्टनसाहेबांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. आडनावं अकारविल्हे असतात. इंग्रजीत टी हे अक्षर बरंच शेवटी येतं. सगळ्यांनी चमचे खाली ठेवले होते.

एसची चार नावं झाली. मग डब्ल्यूचं नाव आलं.

ते थांबले नाहीत. उरलेली तीन नावं त्याच आवाजात वाचली, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "यातल्या दोघांनी या जहाजावर काम केलेलं आहे. त्यांना आपल्या सगळ्यांच्या वतीनं अभिनंदनाची तार जाईल. डेकर, तेवढं बघाल का?"

"हो सर."

"आणि मुरंबा इकडे द्या जरा."

मुरंबा त्यांच्यापुढे सरकवला गेला. त्यांनी तो पावाला अगदी कडेपर्यंत नीट लावला. खाल्ला नाही.

यादीत नाव का नाही, हे कोणालाच कळत नाही. विचारायची पद्धत नाही. बावीस जणांपैकी निम्मे तोफा आणि पाणतीरांचे तज्ज्ञ होते. त्यातल्या एकाचं जहाज इतकं घाण असायचं की आमचे खलाशी त्याला 'कोळशाची वखार' म्हणत. पण त्याच्या तोफा नेम चुकत नव्हत्या. डेकर मला खासगीत म्हणाला, "मास्तर, वारं बदललंय. आता वर बसलेल्यांना तोंड दिसणारी दारं नकोत. साहेबांना बिचाऱ्यांना हे कोणी सांगितलंच नाही."

मला वाटलं, आता ते लिहिणार नाहीत. आता कशाला लिहितील? पण तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि पत्र वाचून दाखवलं. सतरा दारं निकामी, त्यातली अकरा अतिशय धोकादायक, जहाज ताबडतोब गोदीत घ्यावं. माझी मापं जोडली होती. कापडाचा उल्लेख नव्हता.

"तुमचं नाव घातलं तर चालेल?"

मी हो म्हणालो.

"सोपं वाटतंय आता," ते म्हणाले. "गमावायचं काही उरलं नाही की खरं बोलायला जीभ किती हलकी होते बघा." मग पत्राची घडी करत, "निदान एवढं तरी होऊ द्या, मास्तर. एवढं झालं तरी तीस वर्षं अगदीच फुकट गेली असं होणार नाही."

पाच जानेवारीला सकाळी दहा वाजता कॅप्टन हॅलिवेल एकेचाळीस नंबरच्या दारापाशी आले. आम्ही तिघंच होतो: साहेब, मिस्टर गेज, मी. पहारेकऱ्याला कॅप्टननी वर पाठवून दिलं होतं. पत्र त्यांच्या हातात होतं.

"थर्स्टन, हे मला नोव्हेंबरात दिलं असतंत तर मी तुमचे आभार मानले असते. आज पाच जानेवारी आहे. लोक काय म्हणतील याचा विचार केलात?"

"दारं निकामी आहेत, सर."

"नोव्हेंबरात चांगली होती आणि यादी लागल्यावर निकामी झाली? गेज, परीक्षा घ्या."

मिस्टर गेजनी खडू फासला. दार लावलं, खिट्ट्या आवळल्या, उघडलं. रेघ अखंड होती. अखंडच असणार होती.

"मला तर बुवा छान दिसतेय," कॅप्टन म्हणाले. "तुम्हाला, गेज?"

"अखंड आहे, सर."

"झालं तर मग." त्यांनी पत्राची घडी केली आणि जिन्याकडे वळले.

थर्स्टनसाहेबांनी खिशातून चाकू काढला. मिस्टर गेज एक पाऊल पुढे आले आणि अगदी हळू म्हणाले, "साहेब. माझे बारा महिने राहिलेत."

"मला माहीत आहे, गेज. तुमच्यावर येणार नाही."

त्यांनी चाकूचं टोक रबराखाली घातलं आणि पट्टी सोलली. हातभर रबर सुटून लोंबकळलं. मागे तागाचं कापड होतं, चारपदरी, कडा नीट शिवलेल्या. साहेबांचं काम असंच नीट असे.

"हे मी लावलं," ते म्हणाले. "अकरा दारांना. मिस्टर गेजना मी हुकूम दिला होता, त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. ॲडमिरलनी हात ठेवला तेव्हा हे आत होतं. माझ्यावर खटला चालवा, सर. मी सगळं कबूल करीन. पण जहाज गोदीत घाला."

कॅप्टन परत आले. खाली वाकून कापड पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं. ते मूर्ख नव्हते. कापड दाबताना त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. मग ते सरळ झाले आणि तोंड पुन्हा पूर्वीसारखं झालं.

"म्हणजे मी आता ॲडमिरलना कळवू, की सर, तुम्ही ज्या दारांना उत्कृष्ट म्हणालात ती खोटी होती? तुमच्या डोळ्यांदेखत माझ्या कमांडरनं तुम्हाला मूर्ख बनवलं आणि मी बाजूला उभा राहून वाकलो?"

"सर, पलीकडे चाळीस माणसं असतात."

"माणसं माझ्याही जहाजावर असतात, थर्स्टन. मला शिकवू नका." आवाज चढला नव्हता. "मला काय दिसतंय सांगू? यादीत नाव न आलेला एक माणूस चाकू घेऊन जहाजाचं रबर कापतोय. दुसऱ्या कोणालाही तेच दिसेल." मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, किनाऱ्यावरच्या कॉलेजातल्या जागेसाठी तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आहे ना? आज लिहायचा होता त्यावर शेरा. तुम्ही काय पाहिलंत इथे?"

मी दारापासून दोन फुटांवर होतो. कापडाचे पदर मला मोजता येत होते, मी ते मोजलेही होते.

मी जहाजावरचा सगळ्यात निरुपयोगी माणूस होतो. मला कोणी हुकूम देत नव्हतं, खटल्यात कोणी ओढलं नसतं, माझी बढती कुठल्या यादीत नव्हती. खरं बोलणं मला सगळ्यांपेक्षा स्वस्त पडलं असतं. एक नोकरी गेली असती, दुसरी मिळाली असती. थर्स्टनसाहेब माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्यात. उत्तर कळायची वाट पाहत होते, एवढंच.

"मी दाराच्या मागच्या बाजूला होतो, सर," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

"बरोबर," कॅप्टन म्हणाले. "गेज, हे होतं तसं करा. थर्स्टन, डॉक्टरना भेटा. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, ते तसं लिहून देतील. उद्याच्या टपालाच्या बोटीनं जा." जिना चढताना त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आम्ही तिघं उभे होतो. मी काहीतरी बोलायला गेलो. साहेबांनी हात किंचित वर केला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मिस्टर गेजनी डबा उघडून सरस काढला, ब्रश काढला. कापडाची घडी पूर्ववत बसवली. मग सवयीनं, न बघताच, म्हणाले, "साहेब, जरा कंदील धरता?"

साहेबांनी कंदील धरला.

"थोडा वर."

त्यांनी थोडा वर धरला. गेज रबर दाबत दाबत खाली येत होते. छातीच्या उंचीला आल्यावर साहेब म्हणाले, "तिथे सुरकुती आहे." गेजनी ती बोटानं सारखी केली. पट्टी बसली. हाताखालून सरसाचे दोन-तीन थेंब चौकटीच्या धारेवर पडले होते. थर्स्टनसाहेबांनी कंदील माझ्या हातात दिला, खिशातून रुमाल काढला आणि वाकून ते पुसू लागले.

"राहू द्या, साहेब," मिस्टर गेज म्हणाले.

"डाग पडेल," ते म्हणाले, आणि पुसत राहिले.